एकाच सायकलीची तीस वर्षे



नांदेडहून देगलूरकडे जाणारा आपला रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. त्यावरून हैदराबादेकडे धावणाऱ्या मालमोटारींची आणि प्रवासी गाड्यांची रांग रात्रीही तुटत नाही. पण याच महामार्गाच्या कडेने, पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच्या मुरमावरून, सकाळच्या वेळी एखादी काळी, उंच दांडीची सायकल अजूनही जाताना दिसते. कॅरिअरला दुधाची किटली किंवा वैरणीची पेंढी, हँडलला कापडी पिशवी, चेनकव्हरवरचे कारखान्याचे नाव पुसून गेलेले. ही सायकल केव्हा घेतली, असे तिच्या धन्याला विचारले तर बहुधा सन सांगितला जात नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळानंतर’, ‘थोरल्याच्या पाठीवर मुलगी झाली त्या साली’, ‘नोकरीत कायम झालो तेव्हा’ अशी उत्तरे येतात. घरातील जन्म, लग्ने आणि दुष्काळ ज्या हिशेबात मोजले जातात, त्याच हिशेबात ती सायकलही मोजली जाते.

आजच्या व्याख्यानाचा विषय हीच सायकल आहे. विषय साधा वाटेल. परंतु एक यंत्र माणसाजवळ तीस-चाळीस वर्षे कामात राहते, याला नेमके काय काय लागते, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

प्रथम थोडे गणित करू. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षक आपल्या गावाहून पाच किलोमीटरवरील शाळेत सायकलने जातो, असे धरा. जाऊन-येऊन दहा किलोमीटर. वर्षाचे कामाचे दिवस सुमारे दोनशे तीस धरले तर तेवीसशे किलोमीटर होतात. त्यात बाजार, पंचायत समितीचे काम, पाहुणेरावळे धरून वर्षाला तीन हजार म्हणू. तीस वर्षांच्या सेवेत हे अंतर नव्वद हजार किलोमीटर होते. पृथ्वीचा विषुववृत्तावरील परीघ चाळीस हजार किलोमीटरचा. म्हणजे सेवानिवृत्तीच्या दिवशी या गुरुजींनी पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालून तिसरीला प्रारंभ केलेला असतो, आणि तालुक्याची शीवही ओलांडलेली नसते! पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वापाच मीटर पुढे जाते. नव्वद हजार किलोमीटरसाठी गुरुजींच्या पायांनी दीड कोटीहून अधिक फेरे मारलेले असतात. इतके फेरे सोसणारे दुसरे कोणते यंत्र सामान्य माणसाच्या घरात आहे? शिवणयंत्र हे एक सुचते. तिसरे शोधावे लागेल.

आणि हे अंतर कोणत्या वाटेवर कापलेले आहे, तेही पाहिले पाहिजे. ही काळ्या मातीची भूमी आहे. मृगाच्या दोन सरी पडल्या की ती माती टायरला चिकटून मडगार्डात भरते आणि चाक जागीच थांबते. मग बाभळीची काडी मोडून चिखल काढायचा, दहा पावले जायचे, पुन्हा काढायचा. आणि तेही न साधले तर जी सायकल माणसाला वाहून नेते तिलाच माणसाने खांद्यावर घ्यायचे. पावसाळा संपला की सराटे आणि बाभळीचे काटे. वैशाखात रबराला भेगा पडतात, ट्यूबवरची जुनी ठिगळे उन्हाने सुटतात, आणि सकाळी घट्ट हवा भरून दुपारी उन्हात उभी केलेली सायकल फटाक्यासारखा आवाज करून बसते. मराठवाड्यात सायकल टिकते, ती तिला येथे सुख आहे म्हणून नव्हे.

मग ती टिकते कशामुळे? ‘जुने ते सोने, लोखंडच तसे होते’ हे उत्तर नेहमी दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते निम्मेच. पोलादाचा एक गुण असा की, विशिष्ट मर्यादेच्या आतील ताण त्याने जवळजवळ कितीही वेळा सोसावेत. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, लहान ताणही साठत जातात आणि एके दिवशी तडा जातो. पुन्हा, तुटलेले पोलाद गावातल्या वेल्डिंगवाल्याला जोडता येते. काळ्या सायकलीच्या नळ्या सांध्यात बसवून पितळेने पक्क्या केलेल्या असतात आणि तिचा बांधा लांब, मागे झुकलेला असतो. इंग्लंडमधील रस्ते डांबरी होण्यापूर्वीच हा बांधा ठरला, म्हणून तो आपल्या गाडीवाटेलाही मानवला.

परंतु उत्तराचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ही सायकल उघडता येते. सारे आयुष्य उघडून पुन्हा जोडता यावे अशाच रीतीने ती घडवलेली आहे. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी सायकल आणली. साखळीचे तत्त्व हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्येच सिद्ध केले होते. बेलफास्टमधील गुरांचे डॉक्टर डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर बनवले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यानंतरच्या थोड्या वर्षांत सायकलीच्या सुट्या भागांची मापे जी ठरली, ती इतकी स्थिर राहिली की आपल्याकडील साध्या सायकलीच्या साखळीच्या दोन पिनांमधील अंतर आजही अर्धा इंचच आहे. मागील चाकाला ४० स्पोक, पुढील चाकाला ३२. मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे, पुढच्या हबमध्ये त्याहून बारीक. कारखाना कोणताही असो, माप तेच.

या स्थिरतेचे मोल आपल्याकडे पुरते ओळखले गेलेले नाही. वरळीच्या हिंद सायकलचे आणि आसनसोलच्या सेन-रॅलेचे १९८० मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीयीकरण केले, आणि पुढे दोन्हींची निर्मिती थांबली. सोनीपतला १९५१ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील मोठा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. दैवाची थट्टा अशी की तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. कारखाने गेले, पण त्यांच्या सायकली गेल्या नाहीत. ज्या मोटारीचा निर्माता बुडतो ती मोटार काही वर्षांत निकामी होते; हिंदची सायकल मात्र लुधियानाची साखळी, लुधियानाचे फ्रीव्हील घालून चालत राहिली. अपवाद एक. नॉटिंगहॅमच्या अस्सल रॅलेने काही जागी स्वतःचे निराळे आटे वापरले, इतरांचे इंचाला २४ तर तिचे २६. जुने मिस्त्री अस्सल रॅलेचा भाग हाती आला की आधी आटे पाहतात, उगाच पाना लावत नाहीत. ज्या कंपनीचा सर्वांत मोठा लौकिक, तिचीच सायकल दुरुस्तीला सर्वांत अडेल!

मिस्त्रींचा उल्लेख आला, आणि आता त्यांच्यापाशी थांबलेच पाहिजे.

आपल्याकडील सायकल दुरुस्तीचे दुकान म्हणजे बहुधा लिंबाखाली टाकलेला पत्रा, एक लाकडी पेटी, पाण्याचे घमेले, हवेचा पंप आणि खिळ्यावर अडकवलेले जुने टायर. पूर्वी त्याच्या बाजूला तासावर भाड्याने द्यायच्या सायकली उभ्या असत, आणि गावातील अर्धी पिढी त्या भाड्याच्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून शिकली. या दुकानाला पाटी नसते. पण त्यात जी विद्या असते तिच्याविषयी दोन शब्द बोलणे अगत्याचे आहे, कारण ती कोठेही लिहिलेली नाही.

सायकल दुकानापर्यंत येते तेव्हाच मिस्त्री ती ऐकत असतो. पायडलवर जोर पडला की एका ठरावीक जागी ‘टक्’ असा आवाज येतो, ती कॉटर पिन झिजलेली. आवाज प्रत्येक फेऱ्याला नसून मधूनच, साखळी उडाल्यासारखा येतो, ती साखळी लांबलेली. साखळी लांबते म्हणजे लोखंड ताणले जाते असे नव्हे, तर प्रत्येक कडीतील पिन थोडी थोडी झिजते आणि त्या झिजेची बेरीज होते. नव्या साखळीच्या चोवीस कड्या मोजून बारा इंच भरतात. त्या बारा इंच एक सूत भरू लागल्या की साखळी बदलावी. ती वेळेवर बदलली नाही तर लांबलेली साखळी फ्रीव्हीलचे दाते खाते, आणि मग नवी साखळी जुन्या दात्यांवर बसत नाही. एका वस्तूच्या जागी दोन घ्याव्या लागतात. हा सारा हिशेब मिस्त्री पट्टी न लावता, साखळी बोटाने उचलून सांगतो.

चाकाचा ‘आऊट काढणे’ ही त्याहून मोठी कला. चाक फिरवायचे, रिमजवळ खडू धरायचा, जेथे खडू लागेल तेथे एका बाजूचे स्पोक पाव फेरा आवळायचे, समोरच्या बाजूचे तितकेच सैल करायचे. पाव फेऱ्याऐवजी पूर्ण फेरा दिला की चाक आठाच्या आकड्यासारखे होते. ज्याच्या हाताला हे साधले त्याने ताणातील समतोल नावाचे यंत्रशास्त्रातील प्रकरण पुस्तकाविना आत्मसात केले आहे, असे निःसंशय म्हणावे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? येथे दहा वर्षांच्या पोऱ्यालाही ते ठाऊक असे, कारण चुकीच्या दिशेने पाना फिरवल्याबद्दल उस्तादाची टपली त्याने खाल्लेली असे.

वर्षातून एकदा सायकल पूर्ण खोलून, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, नवे ग्रीस भरून जोडायची, या कामाला आपल्या बाजारात ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द वेगळा आहे. परंतु ज्याने ऐकून ऐकून हा शब्द घडवला त्याने अर्थ बिघडवला नाही, उलट सुधारलाच. हे काम पूर्वी अनेक घरांत दसऱ्याच्या तोंडावर होई. पोळ्याला बैलाची खांदेमळणी, तशी खंडेनवमीला अवजारांची पूजा. आणि ज्या घरात बैल नाही, कुणी कारकून, शिक्षक वा पोस्टमन आहे, तेथे विळा-कोयत्याच्या शेजारी सायकल उभी राहते आणि तिच्या हँडलला झेंडूची माळ पडते. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. पण पूजेसाठी का होईना, वर्षातून एक दिवस प्रत्येक स्पोक पुसला जातो आणि कोणता तुटला आहे ते कळते. देखभालीचे वेळापत्रक सणाला बांधून टाकणाऱ्या समाजाला यंत्र कळत नव्हते, असे म्हणता येणार नाही.

दुरुस्तीचे दुकान हे उद्योगाचे पाळणाघर असते, याची साक्ष मराठी माणसाला दूर शोधावी लागत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत सायकली घेऊन बेळगावला बंधू रामूअण्णांकडे पाठवीत. तेथे १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. हे डनलॉपच्या पेटंटचेच वर्ष. म्हणजे जगात सायकल अजून बाळसे धरत होती तेव्हा ती बेळगावात विकली जात होती. विक्रीबरोबर दुरुस्ती, आणि पंधरा रुपये घेऊन सायकल चालवण्याचे शिक्षणही. पुढे लक्ष्मणराव स्वतः बेळगावला आले आणि याच खटपटीतून आधी कडबा कापण्याचे यंत्र, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी तो नांगर प्रारंभी घेत नव्हते. ती समजूत मोडायला कारखानदाराला बरीच धीराची वर्षे काढावी लागली. अमेरिकेत डेटन शहरात राइट बंधूंचे सायकलींचे दुकान होते आणि पहिले विमान त्या दुकानातून निघाले, हे आपली मुले पाठ्यपुस्तकात वाचतात. बेळगावचे दुकान त्यांनी वाचलेले असते का, हे एकदा घरी विचारून पाहावे.

सायकल तीस वर्षे टिकते असे म्हटले, पण तिचे आयुष्य याहूनही लांबू शकते. जर्मनीतील होवेलहोफ या गावचा हाइन्झ श्ट्युके १९६२ मध्ये तीन गिअरची साधी पोलादी सायकल घेऊन जग पाहायला निघाला आणि पन्नासाहून अधिक वर्षे फिरतच राहिला. सहा लाख किलोमीटरांहून अधिक अंतर त्याने सायकलीवर काढले. त्यातील चार दशकांहून अधिक काळ त्याच्या खाली बहुतांशी तीच पहिली सायकल होती. तिची चौकट ठिकठिकाणी तुटली, ठिकठिकाणी वेल्ड झाली. ती अनेकदा चोरीला गेली आणि परत मिळाली. या माणसाच्या भटकंतीचे कौतुक जगभर झाले, ते योग्यच. पण त्याच्या प्रवासाचा अर्थ आपल्या दृष्टीने निराळा आहे. ती सायकल पुन्हा पुन्हा जोडणारा कोणी ना कोणी कारागीर पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ सर्वत्र त्याला भेटला.

येथे एक चाणाक्ष श्रोता विचारील, की साखळी बदलली, चाके बदलली, टायर पंधरा वेळा बदलले, हँडलही एकदा बदलले. मग ती ‘तीच’ सायकल कशी? प्रश्न आजचा नाही. ग्रीकांनी तो जहाजाविषयी विचारला. आपल्याकडे पाली वाङ्मयात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात तो रथाच्या निमित्ताने येतो. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, असे विचारत विचारत नागसेन राजाला अशा जागी आणून उभे करतो की रथ हे त्या सर्वांच्या विशिष्ट जुळणीला दिलेले नाव आहे, हे राजालाच मान्य करावे लागते. नायगावच्या सायकलीलाही हेच लागू पडते. पण व्यवहारात आणखी दोन गोष्टी शिल्लक उरतात. एक म्हणजे चौकट. तिच्यावर ठोकलेला क्रमांक बदलत नाही. दुसरी म्हणजे चामड्याची सीट, जी वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या बसण्याने त्याच्याच देहाचा आकार घेते. जुन्या सायकलीवर परका माणूस बसला की त्याला ती टोचते. मुलगा वडिलांच्या सायकलीवर बसू लागतो तेव्हा पहिले काही महिने त्यालाही टोचते, मग हळूहळू सीट नमते, की मुलगा, हे सांगणे कठीण.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय २०१७ पासून आहे. जुन्या सायकली, त्यांचे दिवे, घंटा, पंप तेथे निगुतीने जपलेले आहेत. पुण्याला गेलेल्याने ते अवश्य पाहावे. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. संग्रहालयातील सायकल जपली जाते कारण ती चालवायची नसते. नायगावातील सायकल जपली जाते कारण उद्या सकाळी तिच्यावर दूध घालायचे असते. यातील दुसरे जपणे अधिक कठीण आहे आणि त्याला प्रसिद्धी नाही.

या सायकलीच्या इतिहासात सारेच गौरवाने सांगण्याजोगे आहे, असेही नाही. एका काळी आपल्याच समाजात जावई सायकल, घड्याळ आणि रेडिओ यांसाठी मांडवात रुसत असत, आणि मुलीच्या बापाने ती सायकल सावकाराकडून पैसे उचलून आणलेली असे. अशा कितीतरी सायकली चाळीस वर्षे टिकल्या. त्यांच्या टिकाऊपणाचे कौतुक करताना त्यांची किंमत कोणी मोजली, हे विसरणे बरे नव्हे. पुन्हा, उंच दांडीची ही सायकल पुरुषाच्या मापाची आणि पुरुषाच्या वेषाची होती. नऊवारी वा पाचवारी नेसणाऱ्या घरच्या लक्ष्मीला तिच्यावर फार तर मागच्या कॅरिअरवर स्थान होते.

१९७२ मध्ये लुना आली, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर चार-स्ट्रोक मोटारसायकली आल्या, आणि हप्त्यांची सोय झाल्यावर सायकल ही गरिबीची खूण ठरू लागली. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. परंतु घरात असणे आणि वापरात असणे यांत अंतर आहे. ज्या कार्यकर्त्यांच्या पिढ्यांनी रात्रीची बैठक आटोपून दहा-दहा मैल सायकल हाणत दुसरे गाव गाठले, त्यांच्या घरांतही ती सायकल आज परसात दोरी बांधून कपडे वाळत घालण्यापुरती उरली आहे. मोटारसायकलीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आजारी माणसाला रात्री नांदेडला न्यायचे तर सायकल उपयोगाची नाही. अडचण वेगळीच आहे. दुकानात सायकली दुरुस्तीला येणे कमी झाले की मिस्त्रीचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो, आणि मग ज्यांच्याकडे सायकलीशिवाय दुसरे वाहनच नाही त्यांची सायकल जोडायला कोणी उरत नाही.

नव्या सायकलीही या कामी येत नाहीत. बाजारात आज ज्या रंगीत, जाड टायरच्या, स्प्रिंगच्या रेंजर पद्धतीच्या सायकली स्वस्तात मिळतात, त्यांपैकी पुष्कळशा दिसायला दणकट पण अंगाने जड असतात. त्यांची स्प्रिंग गेली तर बहुधा बदलून मिळत नाही, गिअरची तार एकदा बिघडली की काढून टाकली जाते. चांगल्या प्रतीच्या आधुनिक सायकली उत्तम असतात, पण त्यांची किंमत आणि हत्यारे तालुक्याच्या आवाक्याबाहेरची. केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, ग्राहकाला वस्तूचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळाली पाहिजे, असा त्यामागील विचार आहे. विचार स्तुत्य आहे. काळ्या सायकलीने हा हक्क कायद्याविना शंभर वर्षे दिला होता, एवढेच येथे नोंदवायचे.

आता या सर्वांत आज कोणाचे काय अडले आहे, त्याकडे वळू. सायकलीवर आज खरोखर ज्यांचे भवितव्य अवलंबून आहे त्या आपल्या वाडी-तांड्यांवरील मुली आहेत. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. साडेतीन हजारांचे हे अनुदान २०२२ मध्ये पाच हजार झाले. अशा योजनेने काय घडते याचा चांगला अभ्यास बिहारमध्ये झाला आहे. तेथे २००६ पासून नववीतील मुलींना सायकली दिल्या गेल्या, आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. पालकांची बंदी उपदेशाने सैल झाली नाही, ती सायकलीने झाली. मुली घोळक्याने जाऊ लागल्या, वेळ वाचला, भीती उणावली.

पण अनुदान खरेदीचे आहे आणि ते एकदाच मिळते. आठवीत घेतलेली सायकल बारावीपर्यंत पाच वर्षे चालायची आहे. पाच किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीची ती सायकल त्या काळात दहा-अकरा हजार किलोमीटर धावेल. इतक्या अंतरात दोन-तीन साखळ्या, दोन जोड टायर आणि पंक्चरे तर असंख्य, हा साधा हिशेब आहे. घरात वडिलांकडे वेळ नाही, गावात मिस्त्री उरलेला नाही, आणि पंक्चर झालेली सायकल गोठ्याच्या कुडाला टेकवून ठेवली जाते. मुलगी आठ दिवस पायी जाते, नवव्या दिवशी जात नाही. ज्या वडिलांनी स्वतःची सायकल तीस वर्षे चालवली, त्यांच्याच घरात मुलीची सायकल तिसऱ्या वर्षी भंगारवाल्याच्या काट्यावर चढते, हे सध्या घडते आहे. त्यामागे लोखंडाची प्रत थोडी, आणि जोडणारे हात नाहीत ही गोष्ट फार.

हे हात मुलींचे स्वतःचे असू शकतात, आणि ते शिकवणारे लोक अजून आपल्यात आहेत. साठी-सत्तरीचे मिस्त्री दुपारी रिकामे बसलेले असतात. शाळेने अशा एका मिस्त्रीला मानधन देऊन महिन्यातून दोन शनिवार बोलवावे. पहिल्या दिवशी पंक्चर: टायर लिव्हरने काढायचा, ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, जागा घासून, सोल्युशन लावून ते सुकू द्यायचे. घाई केली की ठिगळ सुटते, ही एक गोष्ट शिकायला चार पंक्चरे लागतात. आणि ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायचा, नाहीतर वेशीपर्यंत पोचण्याआधीच दुसरे पंक्चर. मग ब्रेकची रबरे, मग साखळी मोजणे, मग हब उघडून छर्रे मोजून भरणे. तेल किती घालावे तेही सांगितले पाहिजे. आपल्या मातीत साखळीला तेल भरभरून घातले तर त्यावर धूळ बसून घासणीची चटणीच तयार होते. कडी-कडीवर एक थेंब, आणि वरून फडक्याने पुसून घेणे.

याला लागणारे साहित्य म्हणजे एक पायपंप, पान्यांचा एक संच, दोन टायर लिव्हर, स्पोक आवळण्याची चावी, कॉटर पिन काढायला एक हातोडी, सोल्युशनचे डबे, जुन्या ट्यूबचे तुकडे, पाव इंची छर्ऱ्यांचे एक पाकीट, अर्धा किलो ग्रीस आणि पाण्याचे घमेले. शाळेच्या एका कपाटाचा खालचा कप्पा त्याला पुरतो. किल्ली मात्र मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात न राहता नववीच्या एखाद्या मुलीकडे असावी. पाऊस सुरू होण्याआधी, शाळा उघडण्याच्या पहिल्या आठवड्यात, सर्व सायकली एकदा उलट्या करून चाके फिरवून पाहता येतील. गावातील मिस्त्री त्या दिवशी येण्यास तयार आहेत का, हे विचारायला मे महिना मोकळा आहे.